कुंडी शोभेची की हिशेबाची?



आमच्या येवल्यात एखाद्या घरी जाऊन "ओट्यावर चार कुंड्या का लावत नाही?" असे विचारून पाहा. उत्तर बहुधा ठरलेले असते. "सर, प्यायच्या पाण्याची मारामार, कुंड्यांना कुठून घालायचे?" हे उत्तर आळशीपणाचे आहे असे मुळीच समजू नका. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला इगतपुरीत वर्षाला ३००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे सरकत येवल्यापर्यंत आलो की तो ५०० मि.मी.च्या आसपास येतो. जिल्हा एकच, पण पर्जन्यछायेत आलेल्या या तालुक्याच्या वाट्याला इगतपुरीची चौथाईसुद्धा नाही. पालखेडच्या कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, हा येथे वर्तमानपत्रात वाचायचा नव्हे, तर घरात बोलायचा विषय असतो. अशा गावात फुलझाडांना पाणी घालणे हा अपराध वाटला तर त्यात नवल काय?

तरीसुद्धा माझे म्हणणे असे आहे की, कुंडीतली बाग येवल्यासारख्या गावातल्या मुलांनीच आधी करावी. ती शोभेसाठी नको आणि भाजीचा खर्च वाचवण्यासाठीही नको. एका झाडाला खरोखर पाणी किती लागते, हे स्वतःच्या हाताने मोजून कळावे म्हणून ती हवी. मोठ्या शेतात हे मोजणे अवघड आहे. एका डब्यात ते सहज जमते. ज्याला एका डब्याचा हिशेब कळला त्याला एकराचा हिशेब समजायला वेळ लागत नाही. माझे हे मत तुम्हाला पटते का, ते शेवटी ठरवा. आधी कुंडीची थोडी ओळख करून घेऊ.

कुंडी आपल्याला नवी नाही

कुंडीतली बाग ही फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची नवी हौस आहे असे पुष्कळांना वाटते. पण अंगणातले तुळशीवृंदावन म्हणजे दुसरे काय? जमिनीपासून उचललेली, चारी बाजूंनी बंदिस्त, मोजक्या मातीची ती एक कुंडीच आहे. सकाळी तिला तांब्याभर पाणी मिळते, आणि तेवढ्या पाण्यावर तुळस वर्षानुवर्षे टिकते. अंगणे गेली आणि वृंदावनाची जागा खिडकीतल्या छोट्या डब्याने घेतली, तरी डब्यातली तुळस गेली नाही.

येवल्यात अंगणे लहान असण्याला आणखी एक कारण आहे. हे पैठणीचे गाव. ज्या घरात माग आहे, तिथे घरातली चांगली, उजेडाची जागा मागाची असते. पदरावर कमळे, मोर, पोपट आणि आसावलीच्या वेली रेशमात उतरवणाऱ्या कितीतरी घरांना खऱ्या वेलीसाठी वीतभर जमीन नाही. अशा घरात झाड लावायचे तर ते डब्यातच लावावे लागणार.

कुंडीने विज्ञानाला काय दिले?

आता थोडे इतिहासात जाऊ. झाड मोठे होते म्हणजे ते नेमके काय खाते? फार पूर्वीपासून लोक समजत होते की झाड माती खाते. ब्रुसेल्सच्या यान बाप्टिस्टा व्हॅन हेल्माँट या शास्त्रज्ञाने हे तपासायचे ठरवले. त्याने एका मोठ्या कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घातली, तीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी दिले. धूळ पडू नये म्हणून कुंडीवर छिद्रे असलेले पत्र्याचे झाकणही बसवले. पाच वर्षांनी झाडाचे वजन भरले १६९ पौंड ३ औंस. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती घटली होती अवघी सुमारे २ औंस! हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

हेल्माँटने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचेच बनते. तो अर्धाच बरोबर होता. हवेतला कर्बवायू झाडाचे मुख्य अन्न आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. गंमत अशी की वायूंवर संशोधन करणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांत त्याचेच नाव घेतात. पण 'झाड माती खाते' ही समजूत कोणी मोडली? तराजू आणि एक कुंडी यांनी. शेतातल्या झाडाची माती कोण तोलणार?

दुसरी गोष्ट १९२० ची. गार्नर आणि अॅलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांपुढे तंबाखूच्या एका जातीचे कोडे होते. उन्हाळ्यात ती नुसतीच उंच वाढे, फुलतच नसे. हिवाळ्यात काचघरात मात्र लहान रोपालाही फुले येत. त्यांनी भर उन्हाळ्यात कुंड्यांतली रोपे दुपारनंतर उचलून अंधाऱ्या खोपटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर काढली. त्यांच्यासाठी दिवस असा लहान करताच तंबाखू फुलली. झाडाला दिवसाची लांबी कळते, हा मोठा शोध होता. तो लागला, कारण कुंडी उचलता येते.

तुम्हीही हा प्रयोग करू शकता. आपली शेवंती अशाच 'लहान दिवसाच्या' झाडांपैकी आहे. रात्र मोठी होऊ लागली की तिला कळ्या धरतात, आणि म्हणून ती हिवाळ्यात फुलते. भाद्रपदात एकाच जातीच्या शेवंतीच्या दोन कुंड्या घ्या. एक अशा ठिकाणी ठेवा की रात्रभर रस्त्याच्या दिव्याचा उजेड तिच्यावर पडेल. दुसरी काळोखात ठेवा. ऊन, पाणी, खत दोघींना सारखे द्या. काय होते ते दर आठवड्याला वहीत लिहा. उत्तर मी सांगत नाही.

डब्यातली माती आणि शेतातली माती

कुंडीत पहिली चूक मातीची होते. आपल्याकडची काळी माती कापसाला, गव्हाला उत्तम. म्हणून आपण तीच डब्यात भरतो, आणि महिनाभरात झाड पिवळे पडते. का बरे? काळ्या मातीत चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण पुष्कळ असतात. भिजली की ती फुगते, वाळली की आकसते. शेतात हिला खोल पडलेल्या भेगा तुम्ही पाहिल्याच असतील. डब्यात ती आकसते तेव्हा पत्र्यापासून सुटते. मग वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते आणि मुळांभोवतीचा गोळा कोरडाच राहतो. उलट ती पुरी भिजली तर तिच्यातली हवेची जागाही पाण्याने भरते. मुळांनाही श्वास घ्यायला प्राणवायू लागतो, हे आपण विसरतो. पाण्यात बसलेली मुळे तहानेने नव्हे, तर गुदमरून मरतात.

म्हणून डब्यासाठी मिश्रण करावे. एक भाग पोयटा किंवा साधी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट, आणि एक भाग भरड पदार्थ, म्हणजे नारळाच्या शेंड्यांचा भुसा, विटांचे बारीक तुकडे किंवा चुरलेला वाळका पाला. मूठभर ओले मिश्रण दाबून पाहा. गोळा व्हावा, पण बोटाने टोचताच फुटावा. एवढी परीक्षा पुरे.

दुसरी समजूत आणखी घट्ट आहे. ती अशी की, कुंडीच्या तळाशी खडी घातली की पाण्याचा निचरा चांगला होतो. जवळजवळ प्रत्येक जण हे सांगतो. मीही पुष्कळ वर्षे सांगत असे. पण हे खरे नाही, आणि का नाही हे समजायला एक स्पंज पुरेसा आहे.

भांडी किंवा गाडी धुण्याचा लांबट, जाड स्पंज घ्या. तो पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा, सपाट धरा. जास्तीचे पाणी ठिबकून जाईल आणि थोड्या वेळाने थेंब थांबतील. आता तोच स्पंज न दाबता उभा करा. पाणी पुन्हा ठिबकू लागेल! स्पंज तोच, भोके तीच. मग आधी थांबलेले पाणी आता का निघाले? बारीक छिद्रांत पाणी केशाकर्षणाने धरले जाते आणि गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते. या ओढाताणीत तळाशी ठरावीक जाडीचा एक थर पाण्याने भरलेलाच राहतो. स्पंज आडवा असताना त्याची उंचीच थोडी, त्यामुळे जवळजवळ सगळा स्पंज या ओल्या थरात येतो. उभा केला की ओला थर तेवढ्याच जाडीचा राहतो आणि वरचा भाग मोकळा होतो.

कुंडीतही असेच घडते. एकच माती उथळ ताटलीत आणि उंच डब्यात भरली, तर तळाच्या ओल्या थराची जाडी दोन्हीकडे सारखीच असते. म्हणून उथळ कुंडीत मुळांना हवेची जागा कमी मिळते. आता तळाशी खडी घातली तर काय होईल? मातीच्या बारीक छिद्रांतले पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत उतरायला तयार नसते. वरची माती तुडुंब झाल्याशिवाय ते खाली येत नाही. म्हणजे ओला थर नाहीसा होत नाही, नुसता वर सरकतो, आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. तेव्हा तळाला तीन-चार भोके पाडा, माती वाहून जाऊ नये म्हणून त्यांवर खापरीचा तुकडा किंवा नारळाच्या काथ्याची गुंडाळी ठेवा आणि डबा वरपर्यंत मातीच भरा.

आता पाण्याचा हिशेब

मूळ प्रश्नाकडे वळू. एका डब्याला पाणी किती लागते?

तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याचे तोंड साधारण २४ सें.मी. लांब व तेवढेच रुंद असते. म्हणजे क्षेत्रफळ ५७६ चौ. सें.मी., किंवा सुमारे ०.०६ चौ. मीटर. पावसाचे माप आठवा. १ चौ. मीटरवर १ मि.मी. पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. कोरड्या प्रदेशात कडक उन्हाळ्यात पीक आणि माती मिळून दिवसाला ७-८ मि.मी. पाणी हवेत जाते. हिवाळ्यात हाच आकडा ३-४ मि.मी. असतो. गुणाकार करा. उन्हाळ्यात एका डब्याला दिवसाला सुमारे अर्धा लिटर आणि हिवाळ्यात पाव लिटरहूनही थोडे कमी पाणी लागेल. पाने डब्याच्या बाहेर पसरली की हा आकडा दुप्पट धरा.

पण हा झाला कागदावरचा हिशेब. तो खरा की खोटा, हे काटा सांगेल. कांदा किंवा भंगार तोलायला वापरतात तसा टांगायचा काटा मिळाला तर उत्तम. नसेल तर शाळेतला ताणकाटा आणि लहान डबे घ्या. तीन सारखे डबे, तीच माती. पहिल्यात मेथी पेरा. दुसऱ्यात मेथी पेरा आणि ती उगवून वर आल्यावर मातीवर दोन बोटे जाडीचे वाळक्या पाल्याचे आच्छादन घाला. तिसऱ्यात नुसती माती ठेवा. मेथी वीतभर झाली की तिन्ही डबे पाणी घालून निथळू द्या आणि तोला. नंतर आठवडाभर रोज सकाळी त्याच वेळी तोला आणि जेवढे वजन घटले तेवढेच पाणी मोजून परत घाला. १ ग्रॅम घट म्हणजे १ मिलिलिटर पाणी. मेथीची स्वतःची वाढ आठवड्यात काही ग्रॅमच असते. ती सोडून द्या.

तिसरा डबा तुम्हाला नुसते बाष्पीभवन सांगेल. पहिल्या आणि तिसऱ्या डब्यातला फरक साधारणपणे पानांनी हवेत सोडलेले पाणी, म्हणजे बाष्पोत्सर्जन दाखवील. साधारणपणे एवढ्यासाठी म्हटले की, पानांच्या सावलीने पहिल्या डब्यातली माती थोडी कमी वाळते. पहिला आणि दुसरा डबा यांतला फरक म्हणजे मूठभर पाल्याने वाचवलेले पाणी. हा आकडा मी मुद्दाम देत नाही. तो तुमच्या ओट्यावरचा, तुमच्या उन्हातला असला पाहिजे. पिकाची पाण्याची गरज ठरवण्यासाठी शास्त्रज्ञ शेतात मातीने भरलेली प्रचंड टाकी वजनकाट्यावर बसवतात. तिला लायसीमीटर म्हणतात. तुमचा तेलाचा डबा हा त्या लायसीमीटरचाच धाकटा भाऊ आहे.

आणि आता जरा घराकडे बघा. हे पाणी आणतो कोण? नळ आला की हंडे, पिंप, बादल्या भरण्याची धावपळ बहुतेक घरांत आई करते, नाहीतर बहीण करते. म्हणून माझा एक नियम आहे आणि तो मी कडक मानतो. बागेसाठी एक थेंबही नवे पाणी घ्यायचे नाही. भाजी धुतलेले पाणी, तांदूळ-डाळीचे धुवण, पिंप धुताना तळाला उरलेले पाणी, एवढ्यावरच बाग चालली पाहिजे. माझ्या घरी मी ते आठवडाभर एका बादलीत साठवून मोजले. दिवसाला ५ ते ६ लिटर भरले. तुमच्या घरी वेगळे भरेल. साबणाचे, धुण्याचे पाणी मात्र घालू नका. त्यातला सोडा माती बिघडवतो. कूलरच्या टाकीत उरलेले किंवा पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणीही क्षारांनी भरलेले असते. आपल्याकडच्या विहिरींचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहेच. कुंडीच्या कडेला पांढरी पुटे दिसू लागली तर समजा की क्षार साठत आहेत. पावसाळ्यात डबे उघड्यावर ठेवून चांगले धुऊन निघू द्या.

५ लिटरचा हा हिशेब मांडला की बागेचे वेळापत्रक आपोआप ठरते. हिवाळ्यात एवढ्या पाण्यावर दहा-बारा डबे चालतील. मे महिन्यात पाच चालले तरी पुष्कळ. म्हणून येवल्याची बाग जूनमध्ये सुरू व्हावी आणि फाल्गुनात आटोपावी. उन्हाळ्यात तुळस, मोगरा आणि फार तर मिरची ठेवावी. बाकी डबे रिकामे करून माती उन्हात तापू द्यावी. बारा महिने हिरवी बाग दाखवणारी चित्रे पाहून लाजण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात रिकामा ठेवलेला डबा हासुद्धा पाण्याचा हिशेब जाणणाऱ्या माणसाची खूण आहे.

काय लावावे, कुठे ठेवावे?

मेथीपासून सुरुवात करा. महिन्याभरात ती काढायला येते. कोथिंबिरीला थोडा जास्त काळ लागतो. धने अख्खे पेरू नका, रगडून दोन फाकी करा. पालकाची बाहेरची पाने खुडत गेलात तर तो पुन्हा पुन्हा पाने देतो. या पालेभाज्या तीन-चार तासांच्या उन्हावर भागवतात, म्हणून बोळातल्या घरांनाही त्या जमतात. टोमॅटो, मिरची, वांगी यांना मात्र सहा तास ऊन आणि प्रत्येकाला स्वतंत्र डबा हवा. फुलांत झेंडू सर्वांत सोपा. दसऱ्याला फुले हवी असतील तर दोन-अडीच महिने आधी बी टाका.

मातीची कुंडी आणि पत्र्याचा डबा यांत चांगले कोणते? मातीची कुंडी माठाप्रमाणे पाझरते, त्यामुळे मुळे थंड राहतात, पण पाणी जास्त जाते. डबा पाणी राखतो, पण उन्हात इतका तापतो की कडेची मुळे भाजतात. मधला मार्ग असा की, डब्याला बाहेरून गोणपाट गुंडाळा आणि डबे एकमेकांना चिकटवून ठेवा, म्हणजे एकाची सावली दुसऱ्यावर पडेल.

गच्चीवर डबे नेण्याआधी मात्र थांबा आणि आणखी एक गणित करा. ओल्या मातीने भरलेला डबा सुमारे २० किलो भरतो. एका चौ. मीटरमध्ये असे १६ डबे सहज बसतात, म्हणजे ३२० किलो. वापरायच्या गच्चीवर दर चौ. मीटरला साधारण १५० किलो भार धरून बांधकामाची रचना करतात. म्हणून डबे गच्चीच्या मधोमध दाटीने मांडू नका. खालच्या भिंतींच्या रेषेत, कडेने ठेवा. जुन्या धाब्याच्या किंवा पत्र्याच्या छपरावर तर मुळीच नको. आणखी एक गोष्ट. कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा डास अंडी घालतो आणि आठवड्याभरात नवे डास तयार होतात. ताटल्या दर तीन-चार दिवसांनी ओतून कोरड्या करा. ते पाणी दुसऱ्या डब्याला द्या.

मुंबईने केले ते आपण करावे का?

गच्चीवरच्या बागेचे एक गाजलेले उदाहरण मुंबईत आहे. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहात रोज काही हजार माणसांचा स्वयंपाक होई आणि भाजीची देठे, साली, उरलेले अन्न यांचा ढीग पडे. तेथील अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास तो कचरा गच्चीवरच कुजवून त्यात भाज्या आणि फळझाडे वाढवायला सुरुवात केली. जड मातीऐवजी पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला कचरा यांपासून केलेले हलके मिश्रण त्यांनी वापरले. यामागे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या विचारांची प्रेरणा होती. 'विपुलाच सृष्टी' या पुस्तकाचे लेखक असलेले दाभोळकर मूळचे गणिताचे शिक्षक. शेतकऱ्यांनी स्वतः प्रयोग करावेत, नोंदी ठेवाव्यात आणि एकमेकांना कळवाव्यात, यासाठी त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. सूर्यप्रकाश हे शेतकऱ्याचे भांडवल आणि पान हे ते पकडण्याचे साधन, असा त्यांचा विचार होता.

या उदाहरणातले आपण काय घ्यावे? मुंबईत पाऊस भरपूर आणि हवा दमट. तिथल्या झाडांची यादी उचलून आणली तर येवल्यात ती मार्चमध्ये वाळेल. पण कचऱ्याचे खत, हलके मिश्रण आणि मुख्य म्हणजे नोंदवही, या तीन गोष्टी कुठल्याही गावात चालतात. माझ्या मते त्यांतली तिसरी सर्वांत मोलाची आहे.

शिक्षकांना दोन शब्द

आता थोडे कटू बोलतो. मी शिकवत होतो त्या एका शाळेत पाहुणे येणार म्हणून पन्नास रंगवलेल्या कुंड्या एका दिवसात आल्या. गेरू आणि चुना लावलेल्या त्या रांगा फार देखण्या दिसत. 'हात लावू नये' अशी पाटीही लागली. त्यांची जबाबदारी माझ्याकडे होती. उन्हाळ्याची सुटी लागली, मी गावाला गेलो, आणि जूनमध्ये परत आलो तेव्हा पन्नासच्या पन्नास झाडांच्या काड्या झाल्या होत्या. दोष माझाच होता. पण त्याहून मोठा दोष असा की, वर्षभर त्या कुंड्यांना एकाही मुलाने हात लावला नव्हता. ती झाडे मेली याचे दुःख मला झाले, मुलांना झाले नाही. ती त्यांची नव्हतीच.

म्हणून सुचवतो. शाळेत रंगवलेल्या कुंड्या आणू नका. आठवीच्या वर्गात दोन-दोन मुलांना एक डबा द्या. डबा मुलांनी घरून आणावा, खत शाळेच्या पाल्यापाचोळ्याचे असावे. जूनमध्ये पेरणी आणि फेब्रुवारीअखेर शेवटची काढणी, म्हणजे सुटीत कुंडी मरायचा प्रश्नच उरत नाही. प्रत्येक डब्याला एक वही असावी. तीत पाणी किती घातले, वजन किती घटले, ऊन किती तास, पाऊस किती आणि काढणीला काय मिळाले, एवढे लिहावे. गुण द्यायचे तर वहीला द्या, झाडाला देऊ नका. मेलेल्या झाडाची प्रामाणिक नोंद ही जगलेल्या झाडाच्या खोट्या नोंदीपेक्षा मोठी आहे, हे मुलांना या वयातच कळू द्या.

कोणी म्हणेल, "आमची मुले शेतकऱ्यांची आहेत. त्यांना डब्यात मेथी लावायला काय शिकवता?" उलट त्यांनाच हे अधिक उपयोगी आहे. शेतात पाणी दिले जाते ते आवर्तन आले म्हणून, वीज आली म्हणून, शेजाऱ्याने दिले म्हणून. पिकाने किती पाणी घेतले आणि किती नुसतेच उडून गेले, हे सहसा कोणी मोजत नाही. ज्या मुलीने आठवडाभर डबा तोलला आहे, ती एके दिवशी कांद्याच्या वाफ्यापाशी उभी राहून वडिलांना विचारील, "बाबा, याला आज पाणी हवे आहे हे कशावरून?" हा प्रश्न घरात विचारला जाणे मला दहा जुड्या मेथीपेक्षा जास्त मोलाचे वाटते.

मित्रहो, एका डब्यातून मेथीची जेमतेम एक जुडी निघेल. दहा डब्यांनीही तुमच्या घरचा बाजार बंद होणार नाही. तसे कोणी सांगत असेल तर क्षेत्रफळाचा गुणाकार करून त्याला दाखवा. पण ज्या गावात पाऊस ५०० मि.मी. आहे तिथे पाण्याचे माप ठाऊक असलेली माणसे हवीत, आणि ती पुस्तकातून तयार होत नाहीत. घरातला एक रिकामा डबा शोधा. आज त्याला खिळ्याने चार भोके पाडा आणि उद्या सकाळी तांदळाचे धुवण मोरीत ओतण्याआधी आईला थांबवा. ते किती आहे, आधी मोजा.